लिनक्सवर न चालणारा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लिनक्स संगणकाला लावला, पण नेटवर्कची यादी रिकामीच राहिली आणि खोक्यावर पाहावे तर केवळ विंडोज व मॅक यांचीच नावे, अशा वेळी पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांचा क्रम साधारणपणे तपासाच्या क्रमानुसार ठेवला असल्याने, घाई नसेल तर वरून खाली वाचत गेलेले बरे. आज्ञा, मॉड्यूल (ड्रायव्हरचा प्रणालीत चढवला जाणारा भाग) आणि फाइल यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत लिहावीत.

खोक्यावर लिनक्सचे नाव नाही. म्हणजे अडॅप्टर लिनक्सवर चालणारच नाही का?

तसा निष्कर्ष काढता येत नाही. खोक्यावरची यादी ही उत्पादक कोणत्या प्रणालींसाठी स्वतः ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) पुरवतो आणि मदत करतो, एवढेच सांगते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात आणि ते उत्पादनाच्या नावावर नव्हे, तर आतील चिपवर अवलंबून असतात. खोक्यावर लिनक्सचा उल्लेख अजिबात नसलेले कित्येक अडॅप्टर लावताक्षणी चालतात. याच्या उलटही घडते: 'लिनक्स सपोर्ट' असे ठळक छापलेले असते आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच निघतो की, कोणे एके काळी एखाद्या जुन्या कर्नलसाठी लिहिलेला सोर्स कोड कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवलेला आहे. म्हणून खोके बाजूला ठेवावे आणि चिपकडे वळावे.

अशा चिपा बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. बाजारातील बहुसंख्य यूएसबी अडॅप्टरांत रिअलटेक किंवा मीडियाटेक यांपैकी एकाची चिप सापडते. जुन्या अडॅप्टरांत रालिंकचे नाव आढळते; ती कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकमध्ये विलीन झाली. अथेरॉस त्याच वर्षी क्वालकॉमकडे गेली. हे तपशील लक्षात ठेवण्याचे कारण असे की, ड्रायव्हरांच्या आणि फर्मवेअर पॅकेजांच्या नावांत ही जुनी नावे अजूनही टिकून आहेत.

आत कोणती चिप आहे हे कसे ओळखावे?

अडॅप्टर लावून टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. येणाऱ्या यादीत प्रत्येक उपकरणासमोर विसर्गचिन्हाने जोडलेले चार-चार अंकांचे दोन षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ वापरणारे) क्रमांक असतात. त्यांतील पहिला उत्पादकाचा आणि दुसरा उत्पादनाचा. अडॅप्टरची ओळ कोणती हे कळत नसल्यास तो काढून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. जी ओळ नाहीशी होते ती त्याची.

पहिला क्रमांक '०बीडीए' असेल तर रिअलटेक, '१४८एफ' असेल तर रालिंक, '०ई८डी' असेल तर मीडियाटेक आणि '०सीएफ३' असेल तर क्वालकॉम अथेरॉस. उदाहरणार्थ, '१४८एफ:७६०१' म्हणजे एमटी७६०१यू, '०बीडीए:८१७९' म्हणजे आरटीएल८१८८ईयू कुळातील चिप आणि '०सीएफ३:९२७१' म्हणजे एआर९२७१. काही कंपन्या चिप दुसऱ्याची वापरतात, पण क्रमांक स्वतःचा देतात. टीपी-लिंकचा '२३५७' हा त्यातलाच. अशा वेळी पूर्ण जोडक्रमांक शोधयंत्रात अवतरणचिन्हांत टाकून शोधल्यास चिपचे नाव बहुधा पहिल्या काही निकालांतच मिळते.

मॉडेलच्या नावावर विसंबून राहू नये, असे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे कारण आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्यांत संपूर्ण वेगळ्या चिपा असू शकतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ होती, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आवृत्ती मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलेली असते. पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना दुसऱ्या आवृत्तीवर तासन् तास वापरून पाहणारे लोक आजही भेटतात.

यादीत वाय-फाय अडॅप्टर दिसतच नाही. त्याऐवजी एखादी सीडी किंवा डिस्क जोडल्यासारखे दिसते. हे काय आहे?

अनेक अडॅप्टरांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. असा अडॅप्टर जोडल्यावर तो आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतो, म्हणजे वापरकर्त्याला त्यातून ड्रायव्हर बसवता यावा. ड्रायव्हर बसल्यानंतर तो रूप बदलून वाय-फाय अडॅप्टर होतो. लिनक्सवर हे रूपांतर कधी आपोआप होते, कधी होत नाही. रिअलटेकच्या अडॅप्टरांत या सीडी रूपाचा क्रमांक बहुधा '०बीडीए:१ए२बी' असा असतो. तो दिसत असेल, तर ड्रायव्हर शोधण्याची वेळ अजून आलेलीच नाही.

यावर 'यूएसबी_मोडस्विच' हे साधन वापरतात. त्याचे पॅकेज बसवल्यावर बहुतेक वेळा अडॅप्टर काढून पुन्हा लावणे पुरते. तसे न झाल्यास त्याच आज्ञेला उत्पादक व उत्पादन क्रमांक देऊन सोबत मोठ्या 'के' अक्षराचा पर्याय द्यावा. त्याने सीडी बाहेर काढण्याचा प्रमाण संदेश अडॅप्टरला जातो. फाइल व्यवस्थापकात त्या सीडीवर 'इजेक्ट' केले तरी काही वेळा तेच काम होते. दर वेळी हे करावे लागत असेल, तर यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या 'क्वर्क्स' या पर्यायात तो जोडक्रमांक आणि त्यापुढे 'आय' हे अक्षर लिहून ठेवावे. मग कर्नल त्या सीडीकडे दुर्लक्ष करतो आणि अनेक अडॅप्टर तेवढ्याने आपणहून वाय-फाय रूपात येतात. रूप बदलल्यावर एलएसयूएसबीमध्ये वेगळा क्रमांक दिसू लागतो. चिपची खरी ओळख त्या नव्या क्रमांकावरून करावी.

चिप कळली. आता माझ्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे की नाही, हे कसे पाहावे?

एलएसयूएसबीला 'टी' हा पर्याय दिल्यास उपकरणांचे झाड दिसते आणि प्रत्येकापुढे 'ड्रायव्हर' या शब्दासमोर मॉड्यूलचे नाव येते. तेथे नाव असेल, तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि दोष अन्यत्र शोधावा. जागा रिकामी असेल, तर कर्नलला हा क्रमांक ठाऊक नाही. एखाद्या ठरावीक मॉड्यूलला कोणते क्रमांक ठाऊक आहेत हे 'मॉडइन्फो' या आज्ञेने पाहता येते: 'एलिअस' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत 'व्ही'नंतर उत्पादकाचा आणि 'पी'नंतर उत्पादनाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दिलेला असतो.

पुढची पायरी म्हणजे कर्नलची आवृत्ती. ती 'यूनेम' आज्ञेला 'आर' पर्याय दिल्यास कळते. ज्या अडॅप्टरला लोक 'असमर्थित' म्हणतात, त्यांपैकी पुष्कळांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आलेला असतो, फक्त वापरकर्त्याच्या कर्नलनंतर आलेला असतो. एमटी७६०१यूचा ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत दाखल झाला. रिअलटेकच्या जुन्या चिपांसाठीचा आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ४.४ मध्ये आला. एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू यांना ४.१९ ने सामावून घेतले, तर वाय-फाय ६ची एमटी७९२१एयू २०२२ मध्ये ५.१८ पासून चालू लागली. सर्वांत मोठा फरक ६.२ या आवृत्तीने पाडला. २०२३ च्या आरंभी आलेल्या या कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरला यूएसबीची जोड मिळाली आणि आरटीएल८८२२बीयू, आरटीएल८८२२सीयू व आरटीएल८८२१सीयू या अतिशय प्रचलित चिपा एकदम कर्नलच्या छत्राखाली आल्या. आरटीएल८८१२एयू आणि आरटीएल८८२१एयू यांना मात्र ६.१३ पर्यंत थांबावे लागले.

म्हणून बाहेरचा कोड डाउनलोड करण्याआधी नवा कर्नल मिळतो का, ते पाहावे. डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स भांडारातून आणि उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांत एचडब्ल्यूई या नव्या कर्नलच्या पॅकेजांतून तो अधिकृतपणे मिळतो. नव्या वितरणाची (उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणालीची) लाइव्ह यूएसबी, म्हणजे संगणकावर न बसवता थेट चालणारी प्रत, बनवून तीवर अडॅप्टर चालतो का, हे पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. संगणकावर काहीही न बदलता पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते, ही चाचणी केल्याखेरीज पुढच्या कोणत्याही प्रश्नाकडे वळू नये.

ड्रायव्हर लागलेला दिसतो, तरी वाय-फाय नाही. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत) फर्मवेअरबद्दल काही तक्रार आहे.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर अडॅप्टरमधील चिपवर चालते आणि अडॅप्टर जोडला की दर वेळी ड्रायव्हरने ते तीत भरावे लागते. ती फाइल 'लिब' निर्देशिकेतील 'फर्मवेअर' या उपनिर्देशिकेत नसेल, तर 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' अयशस्वी झाल्याची ओळ येते आणि तिच्या शेवटी उणे दोन हा त्रुटीक्रमांक असतो. उणे दोन म्हणजे 'अशी फाइल नाही'. त्याच ओळीत हव्या असलेल्या फाइलचे नेमके नावही असते, त्यामुळे हा दोष दूर करण्यास सर्वांत सोपा.

बहुतेक वितरणांत ही फाइल 'लिनक्स-फर्मवेअर' या पॅकेजात असते. डेबियनमध्ये ती 'फर्मवेअर-रिअलटेक', 'फर्मवेअर-अथेरॉस', 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री' अशी विभागलेली आहे. फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्याने डेबियनने ते दीर्घकाळ अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. २०२२ मधील मतदानानंतर हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबतच येते. डेबियन ११ वा त्याहून जुनी आवृत्ती असल्यास पॅकेज-स्रोतांच्या यादीत 'नॉन-फ्री' हा विभाग आधी जोडावा लागतो. फर्मवेअरच्या फाइलींना एक्सझेड किंवा झेडएसटी असा दाबलेल्या फाइलचा प्रत्यय दिसला, तर गोंधळू नये. नवे कर्नल त्या तशाच वाचतात.

वाय-फाय चालू करण्यासाठी पॅकेज हवे आणि पॅकेजसाठी इंटरनेट हवे. हा पेच कसा सोडवावा?

अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. लिनक्सला तो वेगळ्या ड्रायव्हरविना तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि फोनचे वाय-फायदेखील त्यातून वापरता येते. राउटरपर्यंत नेटवर्क केबल पोहोचत असेल, तर तीच वापरावी.

चिप कर्नलला ठाऊक आहे, पण माझ्या अडॅप्टरचा क्रमांक ड्रायव्हरच्या यादीत नाही. काही करता येईल का?

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच अधिक आढळतो आणि त्याचे उत्तरही सुखद आहे. एखादी कंपनी जुन्या, चांगल्या चालणाऱ्या चिपभोवती नवे आवरण चढवते, नवा क्रमांक देते, आणि ड्रायव्हर तो क्रमांक ओळखत नसल्याने अडॅप्टरला हातच लावत नाही. अशा वेळी काहीही कंपाइल न करता (म्हणजे सोर्स कोडपासून ड्रायव्हर न घडवता) चालत्या कर्नललाच तो क्रमांक सांगता येतो.

त्यासाठी आधी 'मॉडप्रोब' आज्ञेने योग्य मॉड्यूल चढवावे. मग 'सिस' फाइलप्रणालीतील 'बस', तीत 'यूएसबी', तीत 'ड्रायव्हर्स' आणि तीत त्या ड्रायव्हरच्या नावाची निर्देशिका गाठावी. तेथील 'न्यू_आयडी' या फाइलमध्ये रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने उत्पादक व उत्पादन क्रमांक, मध्ये एक जागा सोडून लिहावेत. क्रमांक लिहिला जाताच ड्रायव्हर अडॅप्टरचा ताबा घेतो. रालिंकच्या आरटी२८००यूएसबी या ड्रायव्हरबाबत एवढेच पुरते.

काही ड्रायव्हरांना मात्र केवळ क्रमांक पुरत नाही. आरटीएल८एक्सएक्सएक्सयू आणि आरटीडब्ल्यू८८ हे एकाच ड्रायव्हरमधून अनेक चिपा हाताळतात आणि कोणत्या क्रमांकामागे कोणती चिप आहे, ही माहिती यादीतील नोंदीसोबतच बांधलेली असते. नुसता क्रमांक दिल्यास ती माहिती रिकामी राहते, ड्रायव्हर रिकाम्या पत्त्यावर हात घालतो आणि कर्नल 'उप्स' ही गंभीर त्रुटी दाखवतो. हे टाळण्यासाठी न्यू_आयडीमध्ये पाच मूल्ये लिहिण्याची सोय आहे: आपला उत्पादक क्रमांक, आपला उत्पादन क्रमांक, इंटरफेसचा वर्ग, आणि त्यानंतर त्याच चिपच्या, ड्रायव्हरला आधीपासून ठाऊक असलेल्या एखाद्या अडॅप्टरचे दोन्ही क्रमांक. वर्गाच्या जागी शून्य लिहिल्यास तो तपासला जात नाही. मग कर्नल त्या परिचित अडॅप्टरची माहिती आपल्या अडॅप्टरलाही लावतो. हा तपशील अनेक मार्गदर्शनांत गाळलेला असतो आणि मग 'ही युक्ती धोकादायक आहे' असा समज पसरतो.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही नोंद पुसली जाते. ती टिकवण्यासाठी यूडेव्हचा (उपकरण जोडले जाताच ठरलेले काम करणाऱ्या यंत्रणेचा) एक नियम लिहून, अडॅप्टर जोडला जाताच मॉड्यूल चढवून क्रमांक लिहिण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. चिप खरोखर तीच असल्याची खात्री नसताना अंदाजाने क्रमांक देणे मात्र व्यर्थ आहे. बहुधा ड्रायव्हर चिपला नाकारील.

कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करण्याची पद्धत कोणती?

येथून पुढे मार्ग खुला आहे, पण देखभालीचा भार आपल्यावर येतो, हे समजून घेऊन पाऊल टाकावे. कर्नलच्या अंतर्गत रचनेत आवृत्तीगणिक बदल होतात आणि बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती स्थिर ठेवण्याचे वचन कर्नलचे विकासक जाणीवपूर्वक देत नाहीत. कर्नलच्या आत असलेला ड्रायव्हर या बदलांबरोबर दुरुस्त होत जातो. बाहेरचा ड्रायव्हर जागच्या जागी राहतो आणि एके दिवशी कंपाइल होईनासा होतो.

सोर्स कोड निवडताना चिप उत्पादकाच्या मूळ कोडपेक्षा, त्यावर आधारित पण नव्या कर्नलसाठी कोणीतरी सांभाळत असलेली प्रत घ्यावी. गिटहब या सोर्स कोडच्या संकेतस्थळावर अशा प्रती पुष्कळ असतात. त्यांतील निवड करताना लोकांनी दिलेल्या पसंतीच्या तारकांची संख्या पाहू नये. शेवटचा बदल केव्हा झाला आणि आपल्या कर्नलच्या आवृत्तीचा उल्लेख कोठे आहे का, ते पाहावे. दोन वर्षे कोणी न शिवलेली प्रत आज चालली तरी उद्याची हमी नाही.

कंपाइल करण्यासाठी जीसीसी व मेक ही साधने आणि चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर (कर्नलच्या रचनेची माहिती देणाऱ्या फाइली) लागतात. 'नेमक्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. कर्नल नुकताच अद्ययावत झाला असेल आणि संगणक पुन्हा सुरू केला नसेल, तर हेडर नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना, अशी विसंगती होते. म्हणून आधी सर्व अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच हेडर बसवावेत. रास्पबेरी पाय किंवा तत्सम एआरएम संगणकावर रिअलटेकच्या जुन्या कोडच्या मेकफाइलमध्ये 'प्लॅटफॉर्म' या शब्दाने ओळखू येणाऱ्या ओळीही बदलाव्या लागतात, कारण मुळात तेथे इंटेल संगणकाची निवड केलेली असते.

यानंतर 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' करून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि डीकेएमएस वापरावे. डीकेएमएस ही यंत्रणा ड्रायव्हरचा सोर्स कोड 'यूएसआर' निर्देशिकेतील 'एसआरसी'मध्ये जपून ठेवते आणि नवा कर्नल बसला की त्यासाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करते. ती नसेल तर कर्नलच्या प्रत्येक अद्यतनानंतर वाय-फाय नाहीसे होते. कोडमध्ये 'डीकेएमएस.कॉन्फ' ही फाइल असल्यास काम अवघ्या तीन आज्ञांचे आहे: डीकेएमएसला अनुक्रमे 'ॲड', 'बिल्ड' आणि 'इन्स्टॉल' सांगावे. 'डीकेएमएस स्टेटस' या आज्ञेने ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी बसला आहे, ते कळते. ड्रायव्हर नको झाला तर डीकेएमएसलाच 'रिमूव्ह' सांगावे. फाइली हाताने पुसत बसू नये.

कंपाइल करताना त्रुटींचा पाऊस पडतो. काय वाचावे?

पहिली त्रुटी वाचावी. बाकीच्या बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. डीकेएमएस वापरले असल्यास सविस्तर नोंद 'मेक.लॉग' या फाइलमध्ये मिळते. हेडर सापडले नाहीत अशी त्रुटी असेल, तर वरच्या उत्तरातील विसंगती तपासावी. एखादे फंक्शन अस्तित्वात नाही अशी त्रुटी असेल, तर कोड कर्नलपेक्षा जुना आहे. याचे ठळक उदाहरण म्हणजे कर्नलमधील टायमर: २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीत टायमर सुरू करण्याची जुनी पद्धत काढून टाकली गेली, तर २०२५ मधील ६.१५ मध्ये टायमर रद्द करणाऱ्या फंक्शनांची नावे बदलली. दोन्ही वेळा बाहेरचे पुष्कळ वाय-फाय ड्रायव्हर एका फटक्यात बंद पडले. अशा वेळी सी भाषा येत असली तरी स्वतः दुरुस्ती करण्याआधी त्या कोडची अधिक ताजी प्रत शोधावी. ती बहुधा सापडते.

ड्रायव्हर बिनचूक कंपाइल झाला, पण मॉडप्रोब 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे म्हणून नकार देते.

संगणकात सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सुरक्षा) चालू आहे आणि नव्या मॉड्यूलवर कर्नलला मान्य असलेली सही नाही, असा याचा अर्थ. जुन्या कर्नलांत हाच नकार 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' या शब्दांत येतो. ड्रायव्हरमध्ये कोणताही दोष नसतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा कंपाइल करण्यात अर्थ नाही.

उबंटू आणि डेबियन यांच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डीकेएमएस स्वतःच एक किल्ली तयार करून मॉड्यूलवर सही करते. त्या किल्लीची ओळख संगणकाच्या फर्मवेअरला करून देणे एवढेच आपल्याकडे उरते. 'मोकयुटिल' या आज्ञेला 'इम्पोर्ट' पर्याय आणि किल्लीच्या फाइलचा मार्ग द्यावा. ती एक तात्पुरता पासवर्ड ठरवण्यास सांगते. संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे सुमारे दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबावी लागते, अन्यथा तो निघून जातो आणि सगळे पुन्हा करावे लागते. त्यात 'एनरोल मोक' (किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यावा. हा पडदा अमेरिकन कीबोर्डची मांडणी गृहीत धरतो, त्यामुळे पासवर्डमध्ये विशेष चिन्हे न वापरलेली बरी.

सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा मार्ग आहे. तो सोपा आहे, पण एका स्वस्त अडॅप्टरसाठी संपूर्ण संगणकाचे संरक्षण कमी करणे योग्य वाटत नाही. शिवाय त्याच संगणकावर विंडोज असून तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ती पुढच्या वेळी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते.

नवा ड्रायव्हर बसवला तरी जुनाच ड्रायव्हर ताबा घेतो.

एकाच क्रमांकावर दोन मॉड्यूल हक्क सांगत असतील, तर असे होते. रिअलटेकच्या चिपांत आरटीएल८एक्सएक्सएक्सयू आणि बाहेरचा ड्रायव्हर यांच्यात ही ओढाताण नेहमीची. नको असलेल्या मॉड्यूलचे नाव 'ब्लॅकलिस्ट' या शब्दापुढे लिहून ती ओळ 'ईटीसी' निर्देशिकेतील 'मॉडप्रोब.डी'मध्ये '.कॉन्फ' प्रत्ययाच्या फाइलीत ठेवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पुढे कर्नल अद्ययावत होऊन आतला ड्रायव्हर सुधारला, तर ही ओळ काढण्यास विसरू नये. वर्षापूर्वी स्वतःच लिहिलेली अशी ओळ विसरून एक संपूर्ण संध्याकाळ वाया घालवल्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या पदरी आहे.

वाय-फायचा इंटरफेस (प्रणालीला दिसणारे नेटवर्क-उपकरण) दिसतो, पण नेटवर्क दिसत नाहीत किंवा जोडणी होत नाही.

प्रथम 'आरएफकिल लिस्ट' (वाय-फाय बंद केलेले आहे का ते दाखवणारी आज्ञा) पाहावी. 'सॉफ्ट ब्लॉक' असल्यास तो त्याच आज्ञेने उठवता येतो. 'हार्ड ब्लॉक' म्हणजे लॅपटॉपवरील खटका किंवा कळ. त्यानंतर 'एनएमसीएलआय डिव्हाइस' या आज्ञेत इंटरफेससमोर 'अनमॅनेज्ड' असे लिहिले आहे का ते पाहावे. डेबियनमध्ये 'ईटीसी' मधील 'नेटवर्क' निर्देशिकेतल्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये त्या इंटरफेसची नोंद असेल, तर नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम त्याला हात लावत नाही.

नेटवर्क दिसतात पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही, अशी अवस्था असेल, तर नेटवर्क शोधताना मॅक पत्ता (अडॅप्टरचा ओळखक्रमांक) बदलत राहण्याच्या नेटवर्कमॅनेजरच्या सवयीवर संशय घ्यावा. खासगीपणासाठी ही सोय चांगली आहे, परंतु रिअलटेकच्या काही बाहेरच्या ड्रायव्हरांना ती मानवत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस' या पर्यायाला 'नो' दिल्यास ती बंद होते.

इंटरफेसचे नाव 'डब्ल्यूलॅन०' असे न दिसता 'डब्ल्यूएलएक्स' आणि पुढे बारा अक्षरे असे दिसल्यास तो दोष नव्हे. यूएसबी अडॅप्टरचे नाव त्याच्या मॅक पत्त्यावरून ठरवण्याची ती पद्धत आहे. पंधरा अक्षरांची कमाल मर्यादा ते नाव नेमकी भरून काढते, त्यामुळे नावापुढे आणखी काही जोडू पाहणाऱ्या जुन्या साधनांना अडचण येते.

जोडणी होते, पण वेग कमी आहे किंवा ती मधूनमधून तुटते.

सर्वांत आधी वीजबचत बंद करून पाहावी. 'आयडब्ल्यू' आज्ञेने ती तात्पुरती बंद करता येते आणि नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत 'वायफाय.पॉवरसेव्ह' ला २ हे मूल्य दिल्यास कायमची. त्यानंतर यूएसबी ३ कडे पाहावे. यूएसबी ३ च्या वेगवान संदेशवहनातून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका श्वेतपत्रिकेत दाखवून दिले होते. अडॅप्टरशेजारच्या पोर्टात बाह्य डिस्क असेल, तर हा त्रास हटकून होतो. अडॅप्टर छोट्या एक्स्टेन्शन केबलने संगणकापासून दूर नेणे, यूएसबी २ च्या पोर्टात लावणे किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे, यांपैकी काहीही चालते. फरक इतका पडतो की अनेकांना आपला ड्रायव्हरच सुधारला असे वाटते.

एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचा ड्रायव्हर चालवावा का?

नाही. ते साधन विंडोज एक्सपीच्या काळातील ड्रायव्हरांसाठी होते, आजच्या कर्नलवर ते सहसा कंपाइलच होत नाही आणि आजच्या अडॅप्टरांचे विंडोज ड्रायव्हर त्याला उमजत नाहीत.

प्रयत्न कोठे थांबवावेत आणि नवा अडॅप्टर घेताना काय पाहावे?

लाइव्ह यूएसबीवरील ताज्या कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही आणि सांभाळली जाणारी बाहेरची प्रतही सापडत नाही, असे असेल तर थांबावे. बाहेरचा ड्रायव्हर चालत असला तरी ज्या संगणकाकडे वारंवार लक्ष देता येत नाही, अशा यंत्रासाठी तो अडॅप्टर न वापरणेच शहाणपणाचे.

नवा घेताना ड्रायव्हर कर्नलमध्ये केव्हापासून आहे, एवढा एकच निकष लावावा. वाय-फाय ५ साठी एमटी७६१२यू आणि वाय-फाय ६ व ६ई साठी एमटी७९२१एयू या निवडी निर्धास्त आहेत. केवळ २.४ गिगाहर्ट्झ पुरत असेल, तर एआर९२७१ आजही उत्तम; तिच्या फर्मवेअरचा सोर्स कोडदेखील खुला आहे, आणि यूएसबी वाय-फायच्या दुनियेत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

न्यू_आयडीची युक्ती चालली. हा क्रमांक कायमचा कर्नलमध्ये जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, आणि जावा. ड्रायव्हरच्या यादीत एका नोंदीची भर घालणारा हा बदल असतो आणि तो कर्नलच्या वायरलेस विभागाच्या विकासकांकडे पॅच (केलेला बदल दाखवणारी फाइल) म्हणून ई-मेलने पाठवतात. सोर्स कोडमधील 'गेट_मेंटेनर' ही स्क्रिप्ट तो नेमका कोणाला पाठवावा, हे सांगते. पॅचसोबत अडॅप्टरचे बाजारातील नाव, एलएसयूएसबीची ओळ आणि कोणत्या कर्नलवर तो चालवून पाहिला, एवढे लिहावे. पॅचखाली आपले नाव व पत्त्यासह 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ हवी. नव्या उपकरणांचे क्रमांक स्थिर व दीर्घकालीन कर्नलांतही घेतले जातात, त्यामुळे पॅच स्वीकारला गेला तर तो केवळ पुढच्या आवृत्तीपुरता राहत नाही. जुन्या कर्नलच्या नियमित अद्यतनांतूनही तो इतरांपर्यंत पोहोचतो, आणि आपल्याला स्वतःचा यूडेव्ह नियम पुसून टाकता येतो.